चित्रांशिवायचा सुपरहिरो: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सुपरहिरोंच्या कादंबऱ्यांवर चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे कॉमिक्स नाही हं, सरळ शब्दांच्या, चित्र नसलेल्या कादंबऱ्या, बॅटमॅन सुपरमॅन स्पायडरमॅन यांच्यावरच्या, आणि त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. खूप पत्रांत तेच तेच विचारलं होतं, ती एकत्र केलीयेत.

प्रश्न: माझं वय ४५, शाळेपासून कॉमिक्स वाचतोय. सुपरहिरोची सगळी मजा चित्रात असते, केप फडफडतेय, बिल्डिंग कोसळतेय, हे डोळ्यांनी बघायचं असतं. ते काढून नुसता मजकूर ठेवला तर राहिलं काय? कशाला वाचायच्या या कादंबऱ्या?

दादा, तुमचं अर्धं म्हणणं मला मनापासून पटतं आणि त्याचा सगळ्यात चांगला पुरावा मीच देते. १९९२ च्या शेवटी सुपरमॅनच्या मृत्यूची ती गाजलेली गोष्ट आली ना, तिचे शेवटचे चार अंक परत काढून बघा. पहिल्यात प्रत्येक पानावर चार चौकटी आहेत, पुढच्यात तीन, त्याच्या पुढच्यात दोन, आणि शेवटच्या अंकात पानाला एकच चित्र, अख्खं पान भरून. काय होतंय हे लक्षात यायच्या आधी आपला हात भराभर पानं उलटायला लागतो, श्वास वर चढतो आणि मग सुपरमॅन त्याच्या शहराच्या, मेट्रोपोलिसच्या रस्त्यावर पडलेला दिसतो. हे गद्यात करता येत नाही, कोणीही करू दे, नाहीच येत.

पण त्याच गोष्टीवर १९९३ मध्ये रॉजर स्टर्नने कादंबरी लिहिली, द डेथ अँड लाइफ ऑफ सुपरमॅन, आणि स्टर्न हा बाहेरचा माणूस नव्हता, ती मूळ कॉमिक्स लिहिणाऱ्या टीममधलाच होता, त्यामुळे चौकटी कमी करत नेण्याची ती युक्ती त्याला चांगलीच माहीत होती. त्याने तिच्या मागे धावायचा प्रयत्नच केला नाही. त्याने काय केलं तर वेळ घेतला. ज्याने आधीचा एकही अंक वाचला नाहीये त्यालाही कळावं म्हणून मागचं सगळं आत विणलं, कोण कोणाचं काय लागतं, खलनायक लूथर कुठून आला, क्लार्क, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, आणि त्याची लोईस यांचं कुठवर आलंय, त्यामुळे तो पडतो तेव्हा आपण एका घरातला माणूस गेल्यासारखं वाचतो. कॉमिकमध्ये धक्का बसतो, इथे सुतक बसतं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही वेगळं आहे.

एका चौकटीत विचारांचा फुगा काढला तर त्यात मावणार किती शब्द, वीस, फार तर तीस, त्याच्यावर गेलात की चित्र झाकलं जातं. मनातली गोष्ट, म्हणजे माणूस स्वतःशी जे घोळवत बसतो, आधी एक म्हणतो मग ते खोडतो मग परत त्यावरच येतो, ती फुग्यात बसत नाही. कादंबरीत बसते. टॉम डी हेवनची इट्स सुपरमॅन, २००५ ची, ती वाचताना हे मला पहिल्यांदा नीट कळलं. त्याने क्लार्कला परत १९३० च्या दशकात नेऊन ठेवलंय, मंदीचा काळ, कॅन्ससमधला शेतावरचा पोरगा, फार हुशार वगैरे नाही, आणि आपल्याला जे येतं ते इतरांना का येत नाही याने आतून गांगरलेला. उडणं, गोळ्या झेलणं हे सगळं आहे त्यात, पण मला आठवतो तो त्याचा तो अवघडलेपणा. चित्रात तो पिळदार देखणा दिसतोच, पहिल्या पानापासूनच दिसतो, त्यामुळे त्याला स्वतःबद्दल एवढी शंका असेल हे आपण धरतच नाही.

आणि हो, वाईट कादंबऱ्या भरपूर आहेत, आणि बहुतेकींचा दोष एकच असतो, लेखक समोर कॉमिक उघडं ठेवून चौकटी उतरवत बसतो. त्याने उजवा ठोसा मारला, मग तो भिंतीवर आदळला, मग भिंत पडली, मग तो उठला, मग याने डावा मारला. तीन पानं. अशा पुस्तकाला तुमची तक्रार शंभर टक्के लागू आहे, ते खुशाल खाली ठेवा.

प्रश्न: सुपरहिरोवरची पहिली कादंबरी कोणती? आणि कॉमिकवरून कादंबरी करायची हे खूळ सिनेमा आल्यावर सुरू झालं का?

नाही हो, सिनेमाच्या खूप आधी. कॉमिकमधल्या सुपरहिरोवरची पहिली कादंबरी म्हणजे द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन, १९४२, लेखक जॉर्ज लोदर, आणि आत चित्रं काढली होती खुद्द जो शूस्टरने, म्हणजे ज्याने जेरी सीगलबरोबर सुपरमॅन घडवला त्यानेच. सुपरमॅन येऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. लोदर हा रेडिओवरच्या सुपरमॅन मालिकेचा लेखक होता, त्यामुळे चित्राशिवाय, नुसत्या शब्दांवर हा हिरो उभा करायची त्याला सवय होती, आणि ते पुस्तकात दिसतं.

या छोट्या पुस्तकाने एक अशी गोष्ट दिली की जी आज जगातल्या प्रत्येक फॅनच्या तोंडी आहे आणि कोणाला माहीत नाही कुठून आली. आधी सुपरमॅनच्या बापाचं नाव जॉर आणि पुढे इंग्रजीतलं एल हे एकच अक्षर असं लिहायचे, जसं एखाद्याच्या नावापुढे इनिशियल लावतात तसं. लोदरने त्या एका अक्षराचा शब्द केला, ई आणि एल, ऐकायला तेच, पण आता ते नाव वाटायला लागलं, एखाद्या घराण्याचं. आईचं लोरा होतं तिचं लारा केलं. पुढे कॉमिक्सनी हेच उचललं आणि एल घराणं म्हणून त्यावर केवढा इमला उभा राहिला. गंमत म्हणजे त्याने सुपरमॅनला पृथ्वीवर वाढवणाऱ्या केंट आईवडिलांना एबेन आणि सेरा अशीही नावं दिली होती, ती मात्र कॉमिक्समध्ये टिकली नाहीत.

याच्याही मागे जायचं असेल तर १९४१ चा कॅप्टन अमेरिकाचा तिसरा अंक आहे. त्या काळी अमेरिकेत मासिकांना टपालाचा स्वस्त दर मिळायचा, पण त्यासाठी अंकात निदान दोन पानं तरी मजकूर लागायचा, म्हणून प्रत्येक कॉमिकमध्ये मधेच दोन पानं नुसती गोष्ट घुसडलेली असायची आणि पोरं ती न वाचताच पुढे जायची. या अंकातलं ते दोन पानांचं काम ऑफिसातल्या एका १८ वर्षांच्या मदतनीसाला दिलं, त्याने खाली सही केली स्टॅन ली. हेच त्याचं पहिलं छापून आलेलं लिखाण. आणि त्या गोष्टीत कॅप्टन अमेरिका आपली ढाल फेकून मारतो, पहिल्यांदाच! म्हणजे कॅप्टन अमेरिकाची जी ओळख आपण चित्रात बघतो, ती गिरकी घेत जाणारी ढाल, ती आधी शब्दांत फेकली गेली. ही गोष्ट मी कितीही जणांना सांगितली तरी सांगताना अंगावर काटा येतो.

प्रश्न: मी रिटायर्ड शिक्षक. ही पुस्तकं टाइमपास म्हणून ठीक, पण त्यांना साहित्य म्हणायचं का? मुळात कॉमिकची पात्रं कादंबरीत आणणं म्हणजे उपरं रोप लावण्यासारखं नाही का?

सर, उपरं नाहीये, आणि हे मला जरा जोर देऊन सांगायचंय. हे हिरो गद्यातूनच आलेत. गद्य हे त्यांचं माहेर आहे.

कॉमिक बुकच्या आधी अमेरिकेत पल्प मासिकं होती, स्वस्त खरखरीत कागदावरची, आत पानंच्या पानं गोष्टी. १९३१ पासून द शॅडो, १९३३ पासून डॉक सॅव्हेज. आता डॉक सॅव्हेजचं बघा, त्याचं पहिलं नाव क्लार्क, त्याला म्हणायचे कांस्यपुरुष, म्हणजे ब्राँझचा माणूस, आणि लांब उत्तरेला बर्फात त्याची एकांतात राहायची जागा होती, फोर्ट्रेस ऑफ सॉलिट्यूड. मग सुपरमॅनचं नाव क्लार्क, तो पोलादी पुरुष, आणि त्याचीही पुढे तीच, त्याच नावाची जागा. बॅटमॅनचं तर याहून थेट आहे. मे १९३९ ची त्याची पहिलीवहिली गोष्ट, केमिकल सिंडिकेटवाली, ती तिचा लेखक बिल फिंगरने १९३६ च्या एका शॅडो कादंबरीवरून घेतली होती, पार्टनर्स ऑफ पेरिल, थिओडोर टिन्स्ली या लेखकाची, आणि शॅडोवरून घेतल्याचं फिंगरने स्वतः मान्य केलं होतं. म्हणजे बॅटमॅनचा जन्मच एका कादंबरीच्या पोटातून झालाय. मग तो परत कादंबरीत आला तर त्याला परका कसं म्हणायचं?

साहित्य म्हणायचं का याला एका शब्दात उत्तर नाही देता येत. १९७८-७९ मध्ये पॉकेट बुक्सने मार्व्हलच्या हिरोंवर ११ छोटी पेपरबॅक काढली, त्यातली काही मी अगदी ओढून ताणून संपवलीत, घाईची कामं आहेत ती आणि वाचताना ते कळतं. पण १९८९ मध्ये बॅटमॅनवरच्या नव्या कथांचं एक पुस्तक निघालं त्यात आयझॅक आसिमॉव्हची कथा आहे, आणि आसिमॉव्हने त्यात केप-बीपचं काही न करता आपल्या नेहमीच्या ब्लॅक विडोअर्सच्या, म्हणजे जेवता जेवता कोडी सोडवणाऱ्या मित्रमंडळाच्या टेबलावर ब्रूस वेनलाच, म्हणजे बॅटमॅनचं जे मुखवट्यामागचं नाव त्या माणसालाच, आणून बसवलं, वय झालेला माणूस, आणि त्याला पडलेलं एक साधंसं कोडं. मोठा लेखक दुसऱ्याच्या पात्राशी कसा वागतो ते बघायला तेवढी एक कथा वाचा. आणि मायकेल शेबनच्या ज्या कादंबरीला २००१ चं पुलित्झर मिळालं ती अख्खी सुपरहिरो कॉमिक्स बनवणाऱ्या दोन आते-मामे भावांवर आहे, त्यांनी रचलेल्या एस्केपिस्ट नावाच्या हिरोचे किस्से तिच्यात मधेमधे शब्दांतच येतात. ती सुपरहिरोची कादंबरी नाही हे मान्य, पण त्या माहेराच्याच गल्लीतली आहे.

प्रश्न: मी सेकंड इयरला आहे. सिनेमावरून केलेलं पुस्तक, कॉमिकवरून केलेलं आणि एकदम नवीन गोष्टीचं, यात फरक काय? आणि कादंबरीत झालेलं सगळं कॅनन धरायचं का? ग्रुपवर रोज भांडणं होतात यावरून.

भांडू नका रे, कारण याचं उत्तर सोपंय. साधारणपणे ही पुस्तकं कॉमिकच्या कॅननमध्ये, म्हणजे खरी झाली असं मानलेल्या अधिकृत गोष्टीत, धरत नाहीत. कॉमिकचा पुढचा अंक लिहिणाऱ्यावर कादंबरीतल्या घटनांचं बंधन नसतं. पण चांगलं काही सापडलं तर उचलतात, ते एल अक्षराचं वर सांगितलंच. मला विचारशील तर बंधन नसणं हीच या पुस्तकांची ताकद आहे. कॉमिक दर महिन्याला चालू राहायला लागतं, तिथे कोणी म्हातारं होत नाही, कोणी कायमचं मरत नाही, कारण पुढच्या महिन्यात तोच परत लागणार असतो. कादंबरीला शेवट असतो. शेवट असला की मधल्या गोष्टींना वजन येतं.

आता प्रकार. सिनेमावरून केलेलं पुस्तक म्हणजे नॉव्हेलायझेशन, लेखकाच्या हातात असते पटकथा, बहुतेक वेळा शूटिंग चालू असतानाच लिहायला लागतं आणि सिनेमाबरोबर बाजारात आणायचं असतं. यातली पीटर डेव्हिडची वाचनीय आहेत, २००२ च्या स्पायडरमॅन सिनेमाचं पुस्तक त्याने लिहिलंय, तो स्वतः वर्षानुवर्षं कॉमिक्स लिहिणारा. डेनिस ओ'नीलने २००५ च्या बॅटमॅन बिगिन्सचं लिहिलं, तेही तसंच, बॅटमॅन कॉमिक्समध्ये मुरलेला माणूस.

कॉमिकवरून केलेली कादंबरी हा माझा आवडता प्रकार आणि सगळ्यात जास्त घोळही यातच होतात. यातली एक नीट बघण्यासारखी आहे. क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स, मूळ १२ अंक, १९८५-८६, लेखक मार्व्ह वुल्फमन, चित्रं जॉर्ज पेरेझची, एकेका पानात शेकडो पात्रं कोंबलेली, नजर ठरत नाही. याची कादंबरी करायची म्हटल्यावर कोणाच्याही पोटात गोळा येईल, कारण ती गर्दी हीच त्या कॉमिकची शान आहे आणि शब्दांत गर्दी म्हणजे नुसती नावांची यादी. वुल्फमननेच २००५ मध्ये कादंबरी लिहिली आणि त्याने सगळी गोष्ट बॅरी अ‍ॅलनच्या, म्हणजे फ्लॅशच्या तोंडी दिली. मूळ कॉमिकमध्ये बॅरी आठव्या अंकात मरतो. जग वाचवण्यासाठी पळत पळत झिजून जातो, मागे उरतो तो रिकामा सूट. म्हणजे कादंबरीत आपल्याला गोष्ट सांगणारा माणूस कोण तर ज्याचं मरण आपल्याला आधीच माहीत आहे तो. मूळ गोष्ट तीच, पण बसून सांगणारा बदलला आणि गर्दीतून एकच आवाज ऐकू यायला लागला. वीस वर्षांनी स्वतःच्याच गोष्टीकडे परत येऊन लेखकाने केलेली ही निवड मला फार शहाणी वाटते.

तिसरा प्रकार नवीन गोष्टीचा. इथे एक जुनी फसगत सांगून ठेवते, कारण सेकंडहँड पुस्तक घेताना अजून लोक फसतात. १९७८ ची सुपरमॅन: लास्ट सन ऑफ क्रिप्टॉन, मुखपृष्ठावर त्या वर्षीच्या सिनेमाचा फोटो, त्यामुळे सगळ्यांना वाटतं सिनेमाचंच पुस्तक. आतली गोष्ट मात्र सिनेमातली नाही. एलियट मॅगिन, तेव्हाचा सुपरमॅनचा कॉमिक लेखक, त्याची ही स्वतःची गोष्ट, आणि तिच्यात बाळ सुपरमॅनला केंट जोडप्यापर्यंत पोचवण्यामागे चक्क आइन्स्टाइन आहे! मॅगिनचा लूथर तर असा आहे की मधेमधे आपण त्याच्या बाजूने व्हायला लागतो. याच मॅगिनने १९९८ मध्ये किंगडम कम या कॉमिकची कादंबरी केली, तीही बघ, अ‍ॅलेक्स रॉसची ती रंगवलेली पानं डोळ्यासमोर असताना नुसत्या शब्दांवर उभं राहायचं म्हणजे खायचं काम नाही.

प्रश्न: मुलगा १३ वर्षांचा, मुलगी १५ ची. दोघं कॉमिक्स आणि सिनेमे सोडून काही वाचत नाहीत. या कादंबऱ्यांनी वाचनाची गोडी लागेल का? कोणतं देऊ?

ताई, गोडी लागेल याची गॅरंटी मी देत नाही, पण या पुस्तकांचा एक फायदा आहे की मुलाला पात्र आधीच ओळखीचं असतं, पहिली पन्नास पानं कोण कुठला यात जात नाहीत, आणि जाड पुस्तक हातात घेताना वाटणारी भीती निम्मी होते. फक्त कॉमिक्स बंद करून हे देऊ नका. दोन्ही चालू देत.

मुलीला वंडर वुमन: वॉरब्रिंगर द्या, ली बार्डुगोची, २०१७. यातली सुरुवात सांगते म्हणजे अंदाज येईल. फक्त बायकांच्या बेटावर धावण्याची शर्यत चालू आहे आणि डायानाला, म्हणजे पुढच्या वंडर वुमनला, ती जिंकायचीच आहे, कारण या पुस्तकात बेटावरची प्रत्येक बाई कुठल्या ना कुठल्या लढाईत मरून, आपली लायकी सिद्ध करून तिथे आलीये, एकटी डायाना अशी की जिला आईने मातीतून घडवलं, तिने काहीच कमावलेलं नाही. सगळ्यांच्या नजरेत ते तिला दिसतं, किंवा दिसतंय असं तिला वाटतं. आणि धावता धावता तिला समुद्रात एक जहाज फुटताना दिसतं. बाहेरच्या माणसाला बेटावर आणायचं नाही हा कायदा. शर्यत चालू. आणि पाण्यात एक मुलगी बुडतीये. पंधरा वर्षांच्या मुलीला यातलं काय कळणार नाही सांगा! मधल्या मुलाच्या, धाकट्या मुलीच्या, वर्गात नवीन आलेल्या कोणाच्याही पोटातली ही भीती आहे, की इथे सगळ्यांची जागा ठरलेली आहे, माझीच नाही.

मुलाला जेसन रेनॉल्ड्सची माइल्स मोरालेस: स्पायडरमॅन, तीही २०१७ चीच. माइल्स ब्रुकलिनचा, स्कॉलरशिपवर मोठ्या शाळेत, आणि त्याचं ते धोका कळणारं कोळ्याचं इंद्रिय वर्गात बसल्या बसल्या नको तेव्हा झणझणायला लागतं, इतिहासाच्या तासाला. त्याला वाटतं माझंच काहीतरी बिघडलंय. पुढचं सांगत नाही. रेनॉल्ड्सची वाक्यं छोटी आहेत, बोलण्यासारखी, घरातली जेवणाची दृश्यं इतकी जिवंत की मुलगा मारामारीची वाट बघायची विसरतो.

वॉरब्रिंगरच्या मालिकेत अजून आहेत, मेरी लूची बॅटमॅन: नाइटवॉकर, त्यात ब्रूस १८ वर्षांचा आहे आणि शिक्षा म्हणून त्याला अर्कम असायलममध्ये, म्हणजे मनोरुग्ण गुन्हेगारांना ठेवतात तिथे, साफसफाई करायला लागते, आणि मॅट दे ला पेन्याची सुपरमॅन: डॉनब्रेकर. मोठ्यांसाठीच्या बॅटमॅन कादंबऱ्या मात्र सरसकट देऊ नका, त्यातल्या काही फारच काळ्या आहेत, आधी स्वतः चाळा.

प्रश्न: मला बॅटमॅनवर कादंबरी लिहायचीये, प्लॉट तयार आहे. प्रकाशकाकडे कशी पाठवू? आणि फायटिंग लिहायला घेतलं की सगळं सपक होतंय, काय करू?

आधी कटू ते सांगते. बॅटमॅन डीसी या कॉमिक्स कंपनीचा आहे. त्याच्यावरच्या अधिकृत कादंबऱ्या कंपनीच्या परवानगीने, कंपनीने किंवा तिच्या प्रकाशकाने लेखकाला बोलावून लिहून घेतलेल्या असतात, आणि सहसा त्यांचे हक्कही कंपनीकडेच राहतात, लेखक कितीही मोठा असो. तुम्ही स्वतःसाठी, मित्रांसाठी लिहा, सरावाला त्यासारखं काही नाही, पण विकायचं असेल तर नाही. अमेरिकेतल्या कायद्याने १९३८ चा पहिला सुपरमॅन २०३४ च्या सुरुवातीला सार्वजनिक होईल आणि १९३९ चा बॅटमॅन २०३५ ला, पण तेही फक्त त्या पहिल्या गोष्टींपुरतं, पुढच्या वर्षांत आलेली पात्रं आणि बदल आपापल्या वेळी मोकळे होतील, शिवाय ट्रेडमार्क वेगळाच. त्याची वाट बघत बसू नका.

स्वतःचा हिरो करा ना! १९३० मध्ये, म्हणजे सुपरमॅनच्या आधी आठ वर्षं, फिलिप वायलीने ग्लॅडिएटर लिहिली, अचाट ताकद घेऊन जन्मलेल्या ह्यूगो डॅनरची गोष्ट. १९८७ ला सुरू झालेली वाइल्ड कार्ड्स तर जॉर्ज आर. आर. मार्टिन आणि त्याचे लेखक मित्र जमून सुपरहिरोंचा एक रोल प्लेइंग गेम खेळायचे त्यातून निघाली, म्हणजे खेळताना रचलेली स्वतःची पात्रं. ऑस्टिन ग्रॉसमनने २००७ मध्ये सून आय विल बी इन्व्हिन्सिबल लिहिली त्यात अर्धी गोष्ट खलनायक सांगतो, सुरुवात तुरुंगातून. यातल्या कोणाला कोणाची परवानगी लागली नाही.

आता फायटिंग. तुम्ही पाठवलेलं अडीच पानी प्रकरण मी दोनदा वाचलं. तुमचा हिरो गच्चीवरून उडी मारतो, तिघांना लोळवतो, खिडकीतून बाहेर पडतो. सगळं दिसतंय मला, कारण सिनेमात शंभर वेळा बघितलंय, आणि म्हणूनच मला काही होत नाहीये. तुम्ही कॅमेऱ्याच्या जागी उभे राहून लिहिताय. त्याच्या हातात जाऊन लिहा. ग्लॅडिएटरमध्ये ह्यूगो कॉलेजात फुटबॉल खेळतो आणि एका मॅचमध्ये त्याच्या हातून समोरचा खेळाडू मरतो. एवढ्या ताकदीचा माणूस त्यानंतर साधा दाराचा मुठा तरी कसा पकडत असेल? कोणाशी हात मिळवताना किती बळ लावायचं हे रोज, प्रत्येक वेळी मोजत असेल. असा माणूस जेव्हा मारामारीत उतरतो तेव्हा त्याला भीती समोरच्याची नसते, आपल्या हाताची असते, की आत्ता मोजायला चुकलो तर. हे एक वाक्य तुमच्या त्या तीन गुंडांच्या मधे टाकून बघा आणि दोन गुंड कमी करा. आणि पोशाखाचं वर्णन अर्ध्या पानाचं आहे ते काढाच, रंग सांगून वाचकाला काही मिळत नाही, तो घामाने अंगाला कसा चिकटतो, मास्कमधून बाजूचं नीट दिसत नाही, हे सांगा. तुमच्या प्रकरणात एकच जागा मला खरी वाटली, तो घरी येऊन अंधारातच बूट काढतो, आई जागी होऊ नये म्हणून. तिथून सुरू करा ना गोष्ट.

प्रश्न: फँटमच्या जुन्या कादंबऱ्या होत्या असं ऐकलंय, खरं का? आणि डोळ्यांच्या त्रासामुळे वाचवत नाही, ऐकायला काही आहे का?

खरंय. १९७२ ते ७५ मध्ये एव्हन या प्रकाशनाने १५ काढल्या होत्या, काही खुद्द फँटमच्या निर्मात्या ली फॉकच्या, काही दुसऱ्यांनी लिहिलेल्या. पहिलीच फॉकची आहे आणि तिच्यात चालत्या भुताचं, म्हणजे फँटमचं, लहानपण आहे, ते कॉमिक स्ट्रिपमध्ये एवढं निवांत वाचायला मिळत नाही. ऐकायचं असेल तर आजी, मजा आहे तुमची. ग्राफिक ऑडिओ म्हणून कंपनी आहे, तिने डीसीच्या बऱ्याच कादंबऱ्या नाटकासारख्या केल्यात, प्रत्येक पात्राला वेगळा आवाज, मागे संगीत, दारं वाजतात, पाऊस पडतो. लोदरच्या त्या रेडिओच्या दिवसांसारखंच.

प्रश्न: सगळं वाचलं, डोकं गरगरलं. एकच पुस्तक सांगा.

इट्स सुपरमॅन. पहिली वीस पानं सुपरमॅन कधी येतो याची वाट न बघता वाचा, तो मुलगा समोर आहेच. आणि वाचून झाल्यावर मला कळवा की क्लार्क आणि त्याची आई यांच्यातला भाग वाचताना तुम्हीही पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवलंत का, मी ठेवलं होतं.